कोरी पट्टी

नामू गायकवाडने पहिल्याच भेटीत माझ्या कानाखाली वाजवली. ओळख ना पाळख. मी गाडी स्टँडवर लावली, "पुढचं शॉकअप जरा गळतंय" एवढंच म्हणालो आणि हातातला रुमाल खिशात कोंबला. तो उकिडवा बसला. पुढच्या चाकाच्या दोन्ही दांड्यांवरून त्याने बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, मग उठून माझ्या खिशातला रुमाल ओढून काढला. रुमाल तेलाने काळा झाला होता. तो त्याने माझ्या तोंडापुढे धरला आणि दुसऱ्या हाताने दिली एक ठेवून.

"पुसून आणतोस? डॉक्टरकडं जाताना रक्त पुसून जातोस काय रं? कुठनं गळतंय, किती गळतंय, मी सांगू कसं आता? कुंडली मांडून?"

धामणकर नाक्यावर भर सकाळी दहा-बारा माणसं बघत होती. रिक्षावाले हसले. मी सत्तावीस वर्षांचा होतो. आमच्या घरचे बारा लूम चालत होते, गावात वडिलांच्या शब्दाला वजन होतं, आणि माझ्या अंगाला तोवर शाळेतल्या मास्तरांशिवाय बाहेरच्या कुणी हात लावला नव्हता. मी उलट हात उचलायला हवा होता, असं पुढे माझे चुलतभाऊ कैक वेळा म्हणाले. मी उचलला नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. मी घाबरलो होतो.

"नाव काय?"

"विलास भोईर."

"बरं, भोईरशेठ. गाडी ठेव आणि रुमाल घेऊन जा. उद्या ये."

त्या दिवसापासून तो मला शेठ म्हणायचा आणि मी त्याला दादा म्हणायचो. घरी मात्र त्याचं नाव 'नाम्या' असंच निघायचं. मीही घरी नाम्याच म्हणायचो. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. पण आता सगळंच सांगायला बसलोय, तर तेही सांगतो.

नामूदादा तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर असेल. बुटका, मानेला जाड, दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवलेल्याच असायच्या. उजव्या अंगठ्यावर आडवी खोल चीर होती. तरुणपणी चालत्या चेनमध्ये अंगठा गेला होता, तो मधोमध फाटून वेडावाकडा जुळला होता. गॅरेज म्हणजे नाक्याजवळच्या गल्लीत, लूमच्या एका कारखान्याला टेकून टाकलेली पत्र्याची शेड. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. सकाळी हात धुऊन आधी त्या फोटोला हार घालायचा आणि मगच पाना हातात. पलीकडच्या लूमची खटखट इतकी, की तिथे सगळे ओरडूनच बोलायचे. शुक्रवारी लूम बंद. म्हणून इंजिनचा आवाज ऐकायचं काम तो शुक्रवारी ठेवायचा. "आज भिवंडी गप हाय, आज गाडी बोलंल," म्हणायचा आणि डोळे मिटून सायलेन्सरपाशी बसायचा.

बाकीचे सहा दिवस त्याचं तोंड आणि हात दोन्ही चालायचे. दारू पिऊन गाडी न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्याने कॉलरला धरून पाण्याच्या पिंपात बुडवलेलं मी पाहिलंय, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा वर काढल्यावर विचारलं, "उतरली?" तो हो म्हणाला. "मग आता पायी जा. गाडी उद्या." एका रिक्षावाल्याने त्याच्या दारात उभ्या केलेल्या गाडीला मागून धडक दिली आणि वर शिवी दिली, तर दादाने त्याचं नाक फोडलं, मग स्वतःच बर्फ आणला, नाकावर धरला आणि बर्फ धरून धरून त्याला समजावत बसला, "देख भाई, गलती सबसे होती है. गाली क्यों दिया?" त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून रक्त, आणि हा त्याला समजावतोय.

त्याला गप्प करणारं माणूस एकच. त्याची बायको, सुमनवहिनी. दुपारी डबा घेऊन यायच्या. लांबून त्यांचा पदर दिसला की हातातला हातोडा खाली यायचा. "कुणाला मारलंत आज?" या प्रश्नाने त्या डबा उघडायच्या. "न्हाय कुणाला." "मग ह्याचा गाल सुजलाय, तो काय डास चावला?" दादा मान खाली घालून भाकरी मोडायचा. आम्ही तोंड वळवून हसायचो.

आता त्या पट्टीचं सांगतो.

पुढच्या चाकाच्या दोन दांड्यांना गॅरेजात शॉकअप म्हणतात. मोठ्या नळीत चकचकीत पाईप वरखाली सरकतो, आत तेल असतं, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी रबराची एक कडी बसवतात. ते सील. सील गेलं की तेल पाईपवरून ओघळतं, दांड्यावरून खाली जातं आणि शेवटी चाकातल्या ब्रेकपर्यंत पोचतं. गिऱ्हाइकाला वाटतं, थेंबभर तेल ते काय. बाकीचे मेकॅनिक नवं सील ठोकायचे, वरून कापडाने पुसायचे आणि गाडी द्यायचे. दादा तसं करायचा नाही. तो शेजारच्या कारखान्यातलं कोरं कापड आणायचा, लूमवरून नुकतं उतरलेलं. त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडायचा, दोन्ही पाईपांवर सीलच्या लगेच वर एकेक गुंडाळायचा आणि गाठ मारायचा. गाठीवर ग्रीसने भरलेला उजवा अंगठा दाबायचा. काळा ठसा उठायचा, मधोमध आडवी पांढरी रेघ.

"तीन दिवस गाडी चालव. खड्ड्यातनं चालव. तिसऱ्या दिवशी आण. पट्टी मी सोडनार, तू न्हाय. पट्टी कोरी, तर तू मोकळा, मी मोकळा. डाग दिसला, तर परत उघडनार."

सोडलेल्या पट्ट्या तो जोडीजोडीने एका तारेत ओवून ठेवायचा. ती तार भिंतीवर फोटोच्या खाली टांगलेली असायची. एका गिऱ्हाइकाने पट्टी वाईट दिसते म्हणून स्वतःच सोडून टाकली होती. दादाने हातोडा घेतला आणि त्याच्या गाडीचा पुढचा दिवा फोडला. "ज्याला बघायचंच न्हाय, त्याला दिवा कशाला?" नंतर नवा दिवा स्वतःच बसवून दिला. पण फोडला.

माझी गाडी जुनी, ठाण्याच्या एका माणसाकडून घेतलेली. साडेतीनशे सीसीची, दोन सायलेन्सरची स्पोर्ट गाडी. भिवंडीत तेव्हा अशा तीनच होत्या. ती सुरू झाली की लूमची खटखटसुद्धा दबायची. तिच्यावर बसलो की मी बारा लूमवाल्याचा मुलगा राहत नसे, दुसराच कुणी व्हायचो. पळायला ती भूत होती. थांबायला मात्र गरीब. तेव्हाच्या गाड्यांचे ब्रेक तसलेच.

पहिल्या वेळी नव्या सीलवर भागलं होतं; वर्षभराने डावा दांडा परत गळायला लागला, तेव्हा मी न पुसता गाडी नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा दादाने दोन्ही पाईप बाहेर काढून ठेवले होते. डावा पाईप त्याने माझ्या हातात दिला.

"डोळं मीट. नख फिरव."

मी नख फिरवलं. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि एके ठिकाणी नख किंचित अडकलं. गंजाचा खड्डा, मोहरीएवढासुद्धा नाही.

"तुझं नख अडकलं ना? आता रबर किती येळा अडकंल, इचार कर. गाडी दबली की एकदा, उठली की एकदा. फाडनार ते सील. नवं टाक न्हायतर सोन्याचं टाक. पाईपला परत क्रोम चढवाय पायजे. मुंबईला पाठवतो. पंधरा दिवस."

पंधरा दिवस! आणि रविवारी आम्ही सगळे अकलोलीच्या गरम कुंडांवर जाणार होतो. पाच मोटारसायकली, नऊ पोरं. गाडी घेतल्यापासून मी त्या दिवसाची वाट बघत होतो. मी गयावया केली. दादा बराच वेळ पाईपकडे बघत बसला. मग म्हणाला, "बारीक पेपरनं घासून बघतो. खड्ड्याची धार गेली तर टिकंल थोडं दिवस. पन पट्टीवर डाग दिसला, तर गाडी हितंच उतरायची. रविवार गेला खड्ड्यात. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

बुधवारी गाडी मिळाली, दोन्ही पाईपांवर कोऱ्या पट्ट्या बांधून. शनिवारी सकाळी मी अंगणात गाडी पुसत होतो. उजवी पट्टी कोरी होती. डाव्या पट्टीवर रुपयाएवढा पिवळट डाग होता.

मी फार विचार केला, असं सांगितलं तर खोटं होईल. मी विचारच केला नाही. घरच्या लूमच्या शेडमध्ये गेलो, आमच्या लूमवरचं कोरं कापड तसलंच, त्याची पट्टी फाडली. ती धुळीत चोळली, म्हणजे तीन दिवसांची वाटावी. डावी पट्टी सोडली, पाईप पुसला, नवी बांधली. चेनवरचं ग्रीस अंगठ्याला लावलं आणि गाठीवर दाबलं. डागाची पट्टी चुलीत टाकली. आई भाकऱ्या थापत होती; म्हणाली, "काय जालतंस रं, वास येतंय." मी म्हणालो, "चिंधी."

दहा वाजता दादाकडे गेलो. त्याने आधी उजवी पट्टी बघितली, मग डावी. डावी सोडून डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, हुंगली. आणि हसला. तो हसला की त्याचे पुढचे दोन किडके दात दिसायचे. तोवर मला ते माहीतच नव्हतं.

"भोईरशेठ! नशीबवान हाय तुझा पाईप. घासलेला टिकला की रं!" त्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला, शेजारच्या कारखान्यातल्या लोकांना ओरडून सांगितलं, चहा मागवला. एक पाईप वाचवला म्हणून माणूस इतका खूश होऊ शकतो, हे मी समोर बसून बघत होतो. चहा प्यायलो. त्याने दोन्ही पट्ट्या तारेत ओवल्या. "जा. कुंडात बुडून ये."

रविवारी जाताना पहिल्याच वळणावर मला पुढचा ब्रेक मऊ लागला. तेल उतरायला लागलं होतं. मी मागचा ब्रेक जास्त दाबत गेलो. थांबलो नाही, कुणाला बोललोही नाही.

माझा धाकटा चुलतभाऊ जनू दुसऱ्याच्या मागे बसून आला होता. बावीस वर्षांचा. अंगाने काडी, बोलायला तोफ. त्याचं लग्न ठरलं होतं. कुंडातून निघाल्यावर ओल्या केसांनी माझ्या मागेच लागला. "विलासदादा, उतरनीपुरती दे ना. लगीन झाल्यावर ती बसून देनार न्हाय मना असल्या गारीवर. एकदाच. आयशपथ, एकदाच."

मी किल्ली दिली. ब्रेकबद्दल बोललो नाही. बोललो असतो तर त्याने विचारलं असतं, "कालच तर नाम्याकडून आणलीस ना?" आणि मग ते पुढे कुठे गेलं असतं, मला माहीत होतं.

उतारावर, लूमचे बीम, म्हणजे सूत गुंडाळायचे लांब लोखंडी रूळ, भरलेला ट्रक वळणापाशी उभा होता. जनूने ब्रेक दाबलेला मी मागून पाहिला. त्याचा हात आवळलेला दिसला, खांदे वर आलेले दिसले. गाडी थांबली नाही. ट्रकच्या मागे बीमची लोखंडी टोकं बाहेर आली होती. त्यांतलं एक त्याच्या छातीतून आत गेलं. आम्ही त्याला ओढून काढला तेव्हा तो जिवंत होता आणि माझ्याकडे बघत होता. तोंडातून शब्द येत नव्हते, रक्ताचे बुडबुडे येत होते. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाडीचं पुढचं चाक हवेत फिरत होतं आणि त्याच्या ब्रेकवर तेल चमकत होतं. मी तेव्हाही तेलाकडेच बघत होतो.

भिवंडीत आणेपर्यंत तो गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याचा थोरला भाऊ हरी आला. हरी माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, पहिलवानी अंगाचा. त्याने माझे दोन्ही खांदे धरले.

"गारीला क झाला रं, विलास? मना सांग. क झाला?"

मी म्हणालो, "बुधवारी नाम्याने सील टाकलं होतं."

एवढंच. यात एक अक्षर खोटं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही.

सोमवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराला हरी पाच माणसं घेऊन टेंपोने नाक्यावर गेला. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. मी आपण होऊन टेंपोत चढलो. सगळ्यांना वाटलं, भावाचं दुःख. मी चढलो ते नामूदादा काय बोलतो ते ऐकायला.

त्याला बातमी लागली होती. तो शेडच्या दारातच उभा होता, हातात टायर उघडायची लोखंडी पहार. पहिला जो अंगावर गेला त्याच्या खांद्याचं हाड त्याने मोडलं. दुसऱ्याच्या तोंडावर बुक्की, दात जमिनीवर पडले. मग चौघांनी मिळून त्याला आडवा केला. शेजारचे लूम चालूच होते. मारताना आवाज येतच नव्हता. नुसती तोंडं उघडताना दिसत होती, लाथा जाताना दिसत होत्या. कारखान्यातले कामगार दारात येऊन उभे राहिले. कुणी पुढे आलं नाही. कुणाची तरी काठी फोटोला लागली आणि काच फुटली. तेव्हा मात्र नामूदादा कसा काय कोण जाणे, सगळ्यांना झुगारून उठला. आम्हाला वाटलं, फोटोकडे झेपावला. त्याने फोटोखालची तार ओढली.

"पट्टी बघा!" तो ओरडत होता. तोंडातून रक्त येत होतं. "पट्टी कोरी हाय! शनवारी सोडली मी, ह्याच्यासमोर सोडली, इचारा ह्याला! कोरी हाय बघा!"

त्याने माझ्या गाडीच्या दोन्ही पट्ट्या तारेतून उपटून हरीच्या नाकापुढे धरल्या. आणि धरता धरता त्याची नजर गाठींवर गेली.

उजव्या पट्टीच्या गाठीवर ठसा होता, मधोमध पांढरी रेघ. डावीच्या गाठीवर ठसा होता, सबंध काळा. तो आपल्या अंगठ्याकडे बघायला लागला, मग परत गाठीकडे. मग माझ्याकडे. मी हरीच्या मागे उभा होतो, चार हातांवर.

मी वाट बघत होतो, की आता बोलेल. त्याने एक शब्द काढला नाही. पट्ट्या उजव्या मुठीत घेतल्या आणि मूठ आवळली.

"बघू काय हाय ते," हरी म्हणाला. दादाने मूठ उघडली नाही. दोघांनी त्याचा हात ऐरणीवर धरला. हरीने चाक खोलायचा लांब पाना उचलला आणि त्या मुठीवर घातला. एकदा घातला तेव्हा मूठ आवळलेलीच होती. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. पाचपर्यंत मी मोजलं. मग सुमनवहिनी गल्लीच्या तोंडाशी दिसल्या, हातात डबा. त्यांनी डबा हरीच्या डोक्यात घातला. हरीच्या कपाळावरून आमटी आणि रक्त एकदमच ओघळलं. बाईवर हात कसा टाकायचा म्हणून असेल, नाहीतर मारून दमले होते म्हणून असेल, सगळे टेंपोत चढले. मी सगळ्यात शेवटी चढलो. मागे बघितलं नाही.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं मी धामणकर नाक्यावरून गेलो नाही. नाक्यावर काम निघालं तर दुसऱ्या कुणाला पाठवायचो. लग्न झालं, मुलं झाली, लूम विकले, जमिनींवर गोदामं उभी राहिली. मोटारसायकलला पुन्हा हात लावला नाही. बायकोला वाटायचं, जनूच्या आठवणीने. मी तिला तसं वाटू दिलं.

शेवटी गेलो तो शुक्रवारी. मुद्दाम नाही, पण बरं झालं, लूम बंद होते. शेड तीच होती, पत्रे नवे. आत एक गाडी उघडून ठेवलेली आणि तिच्यापुढे सुमनवहिनी पदर खोचून बसलेल्या. हातात पाना. नामूदादा शेजारी स्टुलावर. उजवा हात मांडीवर पडलेला, बोटं झाडाच्या मुळ्यांसारखी एकमेकींत गुंतलेली. वहिनी पाईपवर नख फिरवत होत्या.

"अडकतंय?" त्याने विचारलं.

"न्हाय."

"डोळं मिटून?"

"तुमचं तोंड मिटा आधी," वहिनी म्हणाल्या. मग त्यांना मी दिसलो.

त्यांनी पाना खाली ठेवला नाही. दादाने माझ्याकडे बघितलं. केस पांढरे झाले होते, मान तेवढीच जाड होती.

"या, भोईरशेठ. पुसून आलात का तसंच?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शनिवार, डाग, शेड, चूल, मऊ ब्रेक, किल्ली. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगत होतो. ज्याला सगळं माहीत होतं, त्यालाच. तो ऐकत होता आणि वहिनी पाईप पुसत होत्या. संपल्यावर मी म्हणालो, "दादा, मार मला."

"ह्या हातानं?" त्याने उजवा हात डाव्या हाताने उचलून दाखवला. "आणि डाव्यानं मारलं तर तुला काय लागनार? तुला बरं वाटंल. ते मी करनार न्हाय."

"त्या दिवशी तू बोलला का नाहीस? माझ्यासाठी गप्प बसलास?"

तो असा हसला की मला पुन्हा त्या दोन दातांची जागा दिसली. आता एकच होता.

"तुझ्यासाठी? तुझ्या मनात हेच चाललंय इतकी वर्षं? अरं येड्या, मी बोललो असतो की पट्टी भोईराच्या पोरानं बदलली, तर त्यांनी तुला मारलं असतं? घरच्या पोराला? मला मारत होतेच, वर आणि जिभेसाठी जास्ती मारलं असतं. हात गेला, जीभ ऱ्हायली. हिशेब करून गप बसलो." मग म्हणाला, "माझी पन चूक झालीच. गाठ बघाय पायजे होती. तुझं तोंड बघून खूश झालो आणि गाठ बघितली न्हाय. पोरगं मेलं ते मेलंच ना."

त्याच्या या बोलण्याने मला जे झालं ते कुठल्याही माराने झालं नसतं. माझ्या चुकीतला वाटा तो स्वतःकडे ओढत नव्हता. स्वतःचा वाटा तेवढा वेगळा काढून ठेवत होता, पाना जागेवर ठेवावा तसा.

वहिनींनी आतून पत्र्याचा डबा आणला. त्यात दोन पट्ट्या होत्या, रक्त सुकून काळ्या-तपकिरी झालेल्या. मूठ डॉक्टरने उघडली तेव्हा निघालेल्या. गाठींवरचे ठसे अजून दिसत होते. एक फाटका, एक सबंध.

"ने," दादा म्हणाला. "हरीला दाखव. मला दुसरं कायपन नको. पैसा न्हाय, माफी न्हाय. त्याला वाटतंय त्याचा भाऊ नाम्याच्या हातानं मेला. त्याला कळू दे. बस."

"दाखवतो," मी म्हणालो.

"कबूल?"

"कबूल."

पट्ट्या मी घरी आणल्या आणि कपाटात कपड्यांच्या खाली ठेवल्या. एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. हरीची मुलगी लग्नाची होती, ते होऊ दे म्हटलं. मग हरीला साखर निघाली, ती आटोक्यात येऊ दे म्हटलं. कारणं काय, ओंजळीने मिळतात. तिसऱ्या वर्षी नामूदादा गेला. छातीत कळ आली, स्टुलावरच.

पुण्यानुमोदनाला मी गेलो. मंडपात मागच्या रांगेत बसलो. बुद्धवंदना झाली, लोक बोलले. भांडखोर होता पण काम चोख, असं सगळेच बोलले. नाक फोडलेला तो रिक्षावालाही आला होता आणि रडत होता. जेवणाच्या वेळी सुमनवहिनी पंगतीतून फिरत माझ्यापाशी आल्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या कडांत ग्रीस होतं, ते आता निघणारं नव्हतं. त्यांनी एकच शब्द विचारला.

"दाखवली?"

मी मान हलवली. नाही. त्या पुढच्या पानाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हरीच्या बंगल्यावर गेलो. तो झोपाळ्यावर बसला होता. गळ्यात माळ घातलेली, अंग उतरलेलं. मी दोन्ही पट्ट्या टीपॉयवर ठेवल्या आणि सांगायला लागलो. यावेळी काही वगळलं नाही. सांगताना माझं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. मी मार खायला गेलो होतो. घरून निघताना चष्मासुद्धा काढून ठेवला होता.

हरीने ऐकलं. झोपाळा थांबवला. पट्ट्या हातात घेऊन दोन्ही ठसे बराच वेळ बघितले. त्याचा चेहरा कसनुसा झाला, ओठ हलले. मला वाटलं, आता.

"जनू काय म्हनाला का रं? शेवटी?"

"नाही. बोलता येत नव्हतं."

सून चहा घेऊन आली, कप ठेवून गेली.

"आनखी कुनाला सांगितलंस?"

"नामूदादाला. तीन वर्षांपूर्वी."

"तो तर गेला. मंग झाला." त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, थोपटला. "चुकतं मानसाचं. झाला ते झाला. घरातलीच गोष्ट हाय, घरातच राहू दे. चहा घे."

"आणि त्याचा हात?" मी म्हणालो.

"कुनाचा?" हरीने विचारलं.

कप पुढे सरकवताना बशीतून चहा टीपॉयवर सांडला आणि काचेवरून कडेकडे पळाला. पट्ट्या हरीच्या हातातच होत्या, त्याच त्याने चहावर दाबल्या, नीट गोल फिरवून काच पुसली आणि तो ओला बोळा कपाच्या बाजूला ठेवला.

मी समोर बसून ते बघितलं. याही वेळी बोललो नाही. घरी आलो आणि हे लिहायला बसलो.